हयात व्यक्ती

१

दुसरा चहा झाला, कप विसळून पालथा घातला, की बाई जेवणाच्या टेबलावरची फळांची परडी खाली उतरवायच्या आणि तिच्या जागी लॅपटॉप मांडायच्या. तेव्हा घड्याळात दहा वाजलेले असायचे. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली होती, पण दहा म्हणजे दहा. छापखान्यात बत्तीस वर्षं त्यांनी प्रुफं तपासली होती आणि तिथे मालकापासून शिपायापर्यंत सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणत. पुढे शेजारी म्हणू लागले, दूधवाला म्हणू लागला, आणि आपल्याला याहून वेगळं एक नाव आहे हे त्यांच्याही सहसा लक्षात येईनासं झालं.

निवृत्तीनंतर चुका काढायला कुणी उरलं नाही, तेव्हा बाई लाल पेन हातात धरून वर्तमानपत्र वाचू लागल्या. मग औषधाच्या खोक्यातल्या घडीच्या कागदावरही खुणा दिसू लागल्या. ते पाहून भाचीने कपाळाला हात लावला.

'आत्या, तू त्या गोळ्यांच्या कंपनीला पत्र लिहायच्या आत मी तुला एक उद्योग लावून देते.'

उद्योग म्हणजे वंशावळीचं एक संकेतस्थळ. देशोदेशीची माणसं तिथे एकाच भल्यामोठ्या झाडाला आपापल्या घराण्याच्या फांद्या जोडत होती. नवख्यांसाठी आठ धड्यांचा ऑनलाइन वर्गही होता. पहिला धडा, स्वतःपासून सुरुवात करा. दुसरा, घरातल्या मोठ्यांना विचारा, आणि आजच विचारा. शिकवणारीचा आवाज मोठा लाघवी होता, पण 'आजच' म्हणताना ती जराशी थांबली आणि बाईंनी धडा तिथेच थांबवला.

कारण घरातलं मोठं असं एकच माणूस उरलं होतं, ते म्हणजे दादा. बाईंपेक्षा सहा वर्षांनी मोठा, आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवलेला, साऱ्या जगाच्या नद्या तोंडपाठ असलेला. गेल्या वर्षापासून त्याचं विसरणं वाढलं होतं. आधी चष्मा, मग किल्ल्या, मग समोरच्या घरातल्यांची नावं. जुनं सगळ्यात शेवटी जाईल, पण जाईल, असं डॉक्टरांनी वहिनीला बाजूला घेऊन सांगितलं होतं. आणि त्या जुन्यातच बाई होत्या. लहानपणी राग आला की त्या उकळत्या किटलीच्या झाकणासारख्या थडथडायच्या, म्हणून घरात त्यांचं नाव किटली. आई गेली, बाबा गेले, आता त्या नावाने हाक मारणारा दादा एकटा. उद्या तोही विसरला तर किटली नावाची मुलगी कधीकाळी होती, हे सांगणार कोण? बाईंनी नवी वही काढली आणि कंबर कसली.

२

त्या झाडाचा एक नियम होता. जो गेला त्याचा चौकोन सगळ्यांना दिसे, नाव, जन्म, मृत्यू सगळं उघड. जो जिवंत आहे त्याचा चौकोन मात्र करडा आणि त्यावर एवढंच, 'हयात व्यक्ती', आणि खाली जन्मसाल. ज्याने ती नोंद भरली त्यालाच आतलं दिसे, बाकीच्यांना नाही.

'म्हणजे गेल्याशिवाय नाव होत नाही,' बाई फोनवर दादाला म्हणाल्या.

'मग आमच्या शाळेसारखंच की,' दादा म्हणाला. 'तिथेही निरोपसमारंभाशिवाय कुणी चांगलं बोलायचं नाही.'

रोज अकराला हा फोन व्हायचा. दादाला आजची सकाळ आठवत नसे, पण साठ वर्षांपूर्वीचं बोट धरून आणलं की तो भराभर चालू लागे. बाईंना ती युक्ती चांगली साधली होती. एखाद्या वस्तूचं नाव काढायचं आणि गप्प बसायचं.

तिसऱ्या धड्यात लहानपणीच्या घराचा नकाशा आठवून काढायचा होता. बाबा शहराच्या पाणीपुरवठ्याच्या पंपावर होते आणि पंपघराच्या पाठीला पाठ लावून त्यांचं क्वार्टर होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे पाण्याच्या टाक्या. पंपाची घरघर दिवसरात्र भिंतीतून येत असे. भिंतीवर तळहात ठेवला की हाताला गुदगुल्या व्हायच्या. पाहुण्यांना त्या आवाजात झोप यायची नाही, आणि ह्या चौघांना पाहुण्यांच्या घरी त्या आवाजावाचून झोप यायची नाही. पस्तीस वर्षांपूर्वी ते घर पाडलं. बाई मुद्दाम बघायला गेल्या नव्हत्या.

'झोपायचो कुठे आपण?' पेन्सिल सरसावून त्यांनी विचारलं.

'आतल्या खोलीत. मी भिंतीकडे, तू खिडकीशी.'

'खिडकीला गज किती?'

'पाच. चौथा वाकलेला. तू डोकं अडकवलं होतंस त्यात.'

'मी नाही रे, तू!'

'बरं, मी. पण बोंबललीस तू.'

बाई इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. मग त्यांनी नकाशात खिडकीला पाच गज काढले, चौथा वाकडा काढला आणि खिडकीखाली, आपण झोपायचो त्या जागी, बारीक अक्षरात लिहिलं, 'मी'.

३

पाचवा धडा दुहेरी नोंदींचा होता. एकाच माणसाला दोन नातेवाईक दोन वेळा भरतात आणि झाडात गोंधळ माजतो. अशा नोंदी नीट ताडून पाहाव्यात, दोन्हीकडच्यांना विचारावं आणि मगच एकत्र कराव्यात, असं ती लाघवी बाई पुन्हापुन्हा बजावत होती. एकदा एकत्र केलं की वेगळं करणं जिकिरीचं असतं.

धडा संपला आणि झाडाच्या कोपऱ्यात एक लाल ठिपका दिसला. 'संभाव्य दुहेरी नोंद.' बाईंनी उघडून पाहिलं. आई आणि बाबांच्या खाली तीन चौकोन होते. एक दादाचा. एक त्यांचा स्वतःचा. तिसरा करडा. हयात व्यक्ती, आणि जन्मसाल बाईंचंच.

कारण उघड होतं. भाचीने आधी स्वतः खेळून पाहिलं असणार आणि आत्याला एकदा भरून ठेवलं असणार. छापखान्यात कधीकधी एकच ओळ दोनदा जुळून यायची. तिच्यावर कुणी विचार करत बसत नसे, एक ओळ खोडायची आणि पुढे जायचं. बाईंनी 'एकत्र करा' दाबलं.

पडद्यावर बारीक अक्षरांचा एक परिच्छेद आला आणि त्याखाली 'मी वाचलं आहे' असं बटण. साबणाच्या वेष्टणावरचा मजकूरही पूर्णविरामापर्यंत वाचणाऱ्या बाईंनी तो परिच्छेद वाचला नाही. अकराला एक मिनिट कमी होतं आणि दादा फोनची वाट बघत असेल. त्यांनी बटण दाबलं. दोन चौकोन एकमेकांकडे सरकले आणि एक झाला. बघायला मोठं छान वाटलं.

४

चार दिवसांनी त्यांच्या नोंदीतल्या 'आठवणी' या पानावर एक मजकूर दिसला. बाईंनी तो लिहिला नव्हता.

'बाबा पाळीवरून येत तेव्हा त्यांच्या रुमालाला वंगणाचा वास असे. आई तो रुमाल वेगळा धुई. त्याआधी मी तो नाकाशी धरून बसे. मला वाटे, पंपाला जवळ घेतलं तर असाच वास येईल.'

बाई वाचतच राहिल्या. तो रुमाल! निळ्या रेघांचा, एका कोपऱ्याला शिवलेला. साठ वर्षांत एकदाही आठवला नव्हता आणि आता टेबलाशी बसल्या बसल्या त्याचा वास नाकात आला. त्यांना रडू फुटलं. हे नक्की भाचीचं काम. दादा तिच्याशी बोलत असेल आणि ती लिहून ठेवत असेल. किती गुणी पोरगी!

दुसऱ्या दिवशी दहाला नवी आठवण होती. आईला भिंतीला हात लावून कळायचं की आज दोन पंपांपैकी कुठला चालू आहे. तिसऱ्या दिवशी टाकीच्या कठड्यावर वाळत घातलेल्या चादरी आणि त्यांच्यामधून पळताना गालाला लागणारा ओला गारवा. बाबांनी जेवायच्या आधी हात धुताना म्हटलेलं गाणं, त्यातली कायम चुकणारी दुसरी ओळ. बाईंना आता रात्री झोपताना सकाळचे वेध लागायचे. चहा दहाच्या आत उरकू लागला. इतकं सुख त्यांना कित्येक वर्षांत झालं नव्हतं, आणि ते कुणाला सांगावं तर हसतील म्हणून त्या एकट्याच ते चघळत बसायच्या.

आठव्या दिवशीचा मजकूर असा होता.

'रात्री दिवा मालवला की पंप जवळ आल्यासारखा वाटे. दादा भिंतीकडे, ती मध्ये, मी खिडकीशी. गजांतून वारा यायचा तो आधी मला लागायचा.'

बाईंनी सवयीने लाल पेन उचललं. 'ती' कोण? दोनदा वाचलं, तीनदा वाचलं. टंकाची चूक म्हणावी तर वाक्य स्वच्छ होतं. त्यांनी भाचीला फोन लावला.

'आत्या, मी कुठे काय लिहिलंय? मला तर तुझी नोंद दिसतसुद्धा नाही. करडी आहे.'

'आणि आधी तू मला भरलं होतंस ते?'

'कधी? मी फक्त तुझं खातं उघडून दिलं.'

फोन ठेवल्यावर बाईंनी कपाटातून स्वतः काढलेला नकाशा आणला. खिडकी, पाच गज, चौथा वाकडा, खाली 'मी'. अक्षर त्यांचंच होतं. त्यांना हायसं वाटलं. मग आपल्याला हायसं कशाला वाटायला हवं, हा प्रश्न मनात आला, आणि तो काही केल्या जाईना.

५

त्या दिवशी फोन दादानेच केला. कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा. आवाजात तरतरी होती.

'अगं, पंप बंद पडला होता ते आठवतं का? भर दुपारी?'

आठवत होतं. घरघर थांबली आणि आख्ख्या वसाहतीतली माणसं दचकून दारात आली. इतकी शांतता कुणी ऐकलीच नव्हती. आई बाजारात गेलेली, म्हणून बाबा पोरांना घेऊनच पंपघराकडे धावले.

'बाबा पुढे,' दादा सांगत होता, 'किटली त्यांच्या खांद्यावर, त्यांचे केस मुठीत धरून. मागे मी आणि माझं बोट धरून तू. तुझ्या पायात चप्पल नव्हती. फरशी तापलेली, तू एका पायावर उड्या मारत होतीस.'

'दादा, थांब. मी कुठे होते?'

'माझं बोट धरून.'

'आणि खांद्यावर?'

'किटली.'

'अरे, किटली मीच ना!'

पलीकडून दादाचा श्वास ऐकू येत होता, आणि त्यामागे बारीकशी घरघर. त्याच्याकडचा फ्रिज असेल.

'हो का?' तो शेवटी म्हणाला. चिडलेला नव्हता, विचारात पडला होता. 'मग माझं बोट धरून कोण होतं?'

बाईंनी त्याची समजूत घातली, विषय बदलला, वहिनीला औषधाची आठवण करून दिली. फोन ठेवल्यावर स्वतःचीही समजूत घातली. हे आजारातच असतं. डॉक्टर म्हणालेच होते. एका माणसाची दोन माणसं होतात, दोन घरांचं एक होतं. पण खांद्यावर बसल्याची आठवण त्या मनात शोधू लागल्या, बाबांचे केस, उंचावरून दिसणारा टाक्यांचा रस्ता, तेव्हा त्यांना काही दिसेना. उलट पायाच्या तळव्यांना तापलेली फरशी मात्र लख्ख जाणवली. बाई खुर्चीवर पाय वर घेऊन बसून राहिल्या.

६

दुसऱ्या दिवशी दहाला त्यांचा चौकोन करडा होता. हयात व्यक्ती. त्यांनी त्यावर दाबलं. 'ही नोंद पाहण्याचा अधिकार तुम्हाला नाही.'

बाईंनी लॅपटॉप बंद केला, पुन्हा लावला. तेच. मग त्यांनी सातवा धडा काढून मदतकक्षाचा क्रमांक शोधला. तिथला मदतनीस तरुण आणि फारच सभ्य होता. बाईंनी त्याला छापखान्यापासून भूगोल शिकवणाऱ्या दादापर्यंत सगळं सांगितलं.

'तुमची तक्रार मिळाली आहे, बाई. आज सकाळी नऊलाच.'

'मी तर आत्ता पहिल्यांदा बोलतेय.'

कळफलकाचा आवाज आला. 'हो, बरोबर. ही दुसऱ्या सदस्यांची आहे, ज्यांची नोंद तुमच्यात मिसळली त्यांची. पण मजकूर...' तो घुटमळला. 'छापखाना, बत्तीस वर्षं प्रुफं, भूगोल शिकवणारे भाऊ. तुम्ही आत्ता सांगितलंत तेच सगळं. त्यांनी लिहिलंय, कुणीतरी माझ्यात मिसळलंय, तिला बाहेर काढा.'

बाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. कुणीतरी थट्टा करत असेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. माहिती चोरणारे असतात, वर्तमानपत्रात रोज येतं. पण चोराला रुमालाचा वास कसा कळेल?

'त्यांचं नाव काय?'

'ते सांगता येत नाही, बाई. हयात व्यक्ती आहेत.'

मदतनिसाने नियम समजावून सांगितला. हयात माणसाच्या बाबतीत दोघांनी एकाच नोंदीवर हक्क सांगितला तर जवळच्या नातेवाइकाची साक्ष घेतात. एका पानाचा फॉर्म, दोन प्रश्न. तुम्हाला हयात भावंडं किती, आणि अर्जदाराशी तुमचं नातं काय. अर्जदाराने समोर बसून विचारायचं, लिहायचं, साक्षीदाराने सही करायची. साक्षीदार ज्याला ओळखेल त्याची नोंद राहील. एकदा फॉर्म आला की पुन्हा बदल नाही.

'तुमच्या दोघींचा साक्षीदार एकच. भाऊ,' तो म्हणाला. 'आणि घाई करा असं सुचवेन. त्या तिकडे निघाल्यात, असं लिहिलंय.'

बाईंनी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून फॉर्म छापून घेतला आणि टॅक्सीला हात केला. वाटेत त्या मनातल्या मनात वस्तूंची नावं घोकत होत्या. वाकडा गज. रुमाल. टाकीवरच्या चादरी. बाबांचं गाणं. एवढ्यांतली एक जरी पुढे केली तरी दादा ओळखेल. रोज ओळखतो.

७

दार वहिनीने उघडलं. ओले हात पदराला पुसत होती आणि डोळेही ओले होते, पण चेहरा फुललेला होता.

'अहो, आज चमत्कारच झालाय! सकाळपासून सगळं आठवतंय ह्यांना. नद्या म्हणून दाखवल्या, वर्गातल्या पोरांची नावं सांगितली. मला नावाने हाक मारली हो, तीन महिन्यांनी!' मग ती थबकली. 'पण तुम्ही बाहेर कधी गेलात?'

'मी आत्ताच येतेय, वहिनी.'

'असं कसं? तासभर झाला, तुमच्याशीच बोलतायत की आत. मी स्वयंपाकघरातून ऐकतेय ना.'

वहिनीच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण त्यातला जीव गेला. तिने बाईंच्या पायातल्या चपलांकडे पाहिलं, कोपऱ्यातल्या चपलांच्या रिकाम्या स्टँडकडे पाहिलं. 'दूध उतू जाईल,' असं पुटपुटत ती आत गेली. गॅस बंदच होता. दारातून दिसत होता.

बाई बोळातून पुढे झाल्या. दादाच्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं होतं. आतून एका बाईचा आवाज येत होता. टेपवर आपला आवाज ऐकला की वाटतं तसा, ओळखीचा आणि नकोसा. भाचीच असेल, फोन मोठ्या आवाजावर ठेवला असेल, बाई स्वतःला म्हणाल्या. एकेक पाऊल टाकताना तेच म्हणत राहिल्या.

फटीतून दादा दिसला. खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत तो पुढे झुकून बसला होता आणि हसत होता. कसा हसत होता! म्हातारपण, आजार, गेलं वर्ष, सगळं त्याच्या तोंडावरून पुसून गेलं होतं. त्याच्यासमोरची कॉट दाराआड होती. तिचा फक्त कडेचा भाग दिसत होता आणि तिथून खाली लोंबणारे दोन पाय. ते जमिनीला टेकत नव्हते. सहा-सात वर्षांच्या पोरीचे असावेत एवढेच होते आणि आरामात पुढे-मागे हलत होते. टाचा मात्र भेगाळलेल्या होत्या, साठी उलटलेल्या बाईच्या.

बाईंच्या पायाखाली उंबऱ्याची फळी करकरली. दादाने मान वळवली, उठला आणि दारात आला. नजर स्वच्छ होती.

'काय हवं होतं आपल्याला?'

'दादा, मी रे,' बाई म्हणाल्या. 'तो खिडकीचा गज आठव. चौथा.'

आतला आवाज थांबला. पाय हलायचे थांबले. आणि दादाच्या तोंडावरचा उजेड बाईंच्या डोळ्यांदेखत ओसरू लागला. त्याने चौकटीला हात टेकला. 'गज,' तो म्हणाला. 'कुठला गज? हे कुणाचं घर आहे? माझी शाळा सुटली का?' त्याचा हात धरायला काहीतरी शोधू लागला. डोळ्यांत लहान मुलाची भीती उतरली. तो दारात उभा राहून स्वतःच्याच खोलीत बघत होता आणि त्याला ती खोली ओळखू येत नव्हती.

बाईंना माहीत होतं पुढे काय करायचं ते. आता रुमाल म्हणायचं. मग गाणं. तो येईल. रोज अकराला येतो तसा चाचपडत, घाबरत, अर्धामुर्धा येईल, पण त्यांच्याकडे येईल. त्यांना तो हवा होता. या जगात आता त्यांना दुसरं काहीही नको होतं. तोंडात आलेला शब्द त्यांनी तसाच धरून ठेवला आणि दादाच्या हाताकडे पाहिलं. तो हात अजून हवेत शोधत होता. स्वयंपाकघरात वहिनी आवाज न करता रडत होती.

'नाही, काही नाही,' बाई म्हणाल्या. 'चुकलंच माझं. मी कचेरीतून आलेय. एक फॉर्म भरून घ्यायचाय.'

आत पाय पुन्हा हलू लागले. दादाने डोळे मिटून उघडले. श्वास सोडला. हळूहळू तो ताठ झाला आणि वर्गात शिरण्याआधी करायचा तशी त्याने सदऱ्याची कॉलर नीट केली.

'मग उभ्या का? या, बसा. विचारा.'

बाई बोळातल्या स्टुलावर बसल्या. फॉर्म गुडघ्यावर ठेवला.

'आपल्याला हयात भावंडं किती?'

'एक. धाकटी बहीण.' त्याने मागे न पाहता अंगठ्याने खोलीकडे दाखवलं. 'आत बसलीय. रोज न चुकता विचारपूस करते माझी. फार जीव आहे हो माझा तिच्यावर. तसं लिहायला जागा आहे का त्यात?'

'नाही,' बाई म्हणाल्या. 'तेवढी जागा नाही.'

'असू दे. पुढचं?'

'अर्जदाराशी नातं.'

'अर्जदार म्हणजे कोण?'

'मी.'

दादा अवघडून हसला. समोरच्या बाईला वाईट वाटू नये म्हणून त्याने शब्द जुळवायला थोडा वेळ घेतला.

'आपली तर आजच भेट होतेय, बाई. काही नाही, असंच लिहा. आणि नीट लिहून घ्या हं, कचेऱ्यांत फार चुका होतात.'

बाईंनी नीट लिहून घेतलं आणि सहीसाठी पेन त्याच्या हातात दिलं.